घाम कोणाचा?

स्कॉटलंडच्या नकाशात एडिंबरा शोधा. तिथून बोट पूर्वेकडे थोडं सरकवलंत की ईस्ट लिंटन नावाचं चिमुकलं गाव सापडेल. 2023 च्या डिसेंबरात या गावाला रेल्वे स्टेशन परत मिळालं. त्यामुळे आता सायकल आगगाडीत घालून थेट इथे उतरता येतं. इथून निघायचं, शेतांमधल्या अरुंद रस्त्यांनी वीस-पंचवीस किलोमीटरचा गोल मारायचा आणि परत इथेच यायचं. वाटेत बघण्यासारखं खूप आहे. पण नुसतं बघायचं नाही, प्रत्येक ठिकाणी उतरून एक प्रश्न विचारायचा: इथे काम कोण करत होतं? घाम कोणाचा?

पहिला मुक्काम अगदी गावाच्या कडेला, प्रेस्टन मिल. टाइन नदीकाठची ही धान्य दळायची गिरणी अठराव्या शतकातली, आणि ती 1959 पर्यंत धंद्यासाठी चालू होती. लाल कौलं, दगडी भिंती आणि शेजारी शंकूसारख्या छपराची गोल भट्टी. गिरणीला भट्टी कशाला? इथे पिकतं ओट, आणि पाऊस तर पाचवीलाच पुजलेला. दमट ओट जात्यात घातलं तर त्याचा लगदाच व्हायचा. म्हणून आधी ते भट्टीवर वाळवायचं. भट्टीच्या शेंड्यावर लाकडी टोपरं आहे, ते वाऱ्याबरोबर फिरतं, म्हणजे धूर आत न घुसता बाहेर पडतो.

आता जरा वाकून चाकांकडे बघा. बाहेरचं पाण्याचं चाक फिरतं, पण अगदी सावकाश. जात्याला मात्र वेग हवा. मग काय करायचं? मोठ्या दातेरी चाकाला छोटं दातेरी चाक जोडायचं. मोठं एकदा फिरेपर्यंत छोटं कितीतरी वेळा फिरतं. आता आपल्या सायकलची चेन बघा. पुढच्या चाकाला 44 दाते आणि मागच्याला 22 असतील, तर पायडल एकदा फिरवलं की मागचं चाक दोनदा फिरतं. युक्ती तीच. फरक एवढाच की तिथे नदी राबते आणि इथे तुम्ही!

नदी ओलांडून थोडं चाललं की फँटासी नावाच्या जागी एक कबुतरखाना दिसतो. सोळाव्या शतकातलं हे दगडी बांधकाम. आत भिंतीभर खोबण्याच खोबण्या, सुमारे 500 घरटी मावतील एवढ्या. उत्तरेकडची भिंत उंच, म्हणजे गार वारा अडतो. छप्पर दक्षिणेकडे उतरतं, म्हणजे कबुतरांना ऊन मिळतं. बघा, किती लाड! पण उगीच नाहीत बरं का. कबुतरं सकाळी उडायची, शेतात चरून यायची, आणि त्यांची गुबगुबीत पिल्लं जमीनदाराच्या ताटात पडायची. म्हणजे राबला शेतकरी, दाणे टिपले कबुतरांनी आणि जेवला मालक. शेवटी 1617 मध्ये कायदाच करावा लागला: ज्याची स्वतःची जमीन पुरेशी आहे, त्यानेच कबुतरखाना बांधायचा.

याच फँटासीत 1761 मध्ये जॉन रेनी जन्मला. मोठेपणी त्याने लंडनचा जुना वॉटर्लू पूल बांधला. लहानपणी तो शेजारच्या ह्यूस्टन मिलमध्ये पडीक असायचा, कारण तिथे अँड्र्यू मीकल नावाचा भन्नाट कारागीर होता. त्या काळी मळणी म्हणजे चामड्याने जोडलेल्या दोन काठ्यांनी पेंढ्या बडवत बसायचं, हिवाळाभर. 1786 च्या सुमारास मीकलने एक ढोल बनवला. ढोल गरगर फिरायचा, त्याच्यावरच्या पट्ट्या कणसांवर आपटायच्या आणि दाणे सुटायचे. ढोल फिरवायला घोडे किंवा पाणी. आज आपल्या गावात येणाऱ्या मळणी यंत्राच्या पोटातही असाच ढोल फिरतो.

घाम वाचला खरा, पण सगळ्यांना आनंद झाला नाही. मळणी हीच मजुरांची हिवाळ्यातली कमाई होती. 1830 मध्ये दक्षिण इंग्लंडातल्या शेतमजुरांनी अशी यंत्रं फोडून टाकली. म्हणून प्रश्नाला एक शेपूट जोडून ठेवा: घाम कोणाचा वाचला, आणि मजुरी कोणाची गेली?

आता मारा पायडल, वायव्येला. इथे बहुतेक दिवस वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, तेव्हा थोडी दमछाक होणारच. समोर येतं ईस्ट फॉर्च्यून, जुना लष्करी विमानतळ. आता इथे विमानांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. आत काँकॉर्ड विमान उभं आहे, एकेकाळी आवाजाच्या दुप्पट वेगाने उडणारं. त्या वेगात पुढची हवा दाबली जाऊन इतकी तापायची की नाकाचं टोक शंभर अंशांच्या वर जायचं, आणि अख्खं विमान उडता उडता वीसेक सेंटिमीटरने लांब व्हायचं! जमिनीवर आलं की पुन्हा होतं तेवढं.

पण खरी गंमत त्याच्याही आधीची. 2 जुलै 1919 ला इथून आर-34 नावाचं हवाई जहाज अमेरिकेला निघालं. लांबी 196 मीटर, म्हणजे तीन काँकॉर्ड एकापुढे एक उभी केली तरी हेच लांब. पोटात हायड्रोजन. एक घनमीटर हवेचं वजन साधारण 1.2 किलो, तेवढ्याच हायड्रोजनचं जेमतेम 90 ग्रॅम. त्यामुळे दर घनमीटरमागे किलोभर ओझं आपोआप उचललं जातं. या जहाजात होते सुमारे 55,000 घनमीटर! उचलायचं काम वायूचं, इंजिनांनी फक्त पुढे ढकलायचं. स्वयंपाकसुद्धा इंजिनाच्या तापलेल्या धुराड्यावर.

वजन कमी करायला विल्यम बॅलंटाइन नावाच्या खलाशाला खाली ठेवलं होतं. पठ्ठ्या गुपचूप वायूच्या पिशव्यांमध्ये लपून बसला, आणि बरोबर वूप्सी नावाचं मांजराचं पिल्लूही आणलं! अटलांटिकवर समोरून वारा. 108 तासांनी जहाज न्यूयॉर्कजवळ पोचलं तेव्हा इंधन संपत आलेलं. खालच्या माणसांना एवढं मोठं धूड उतरवायची सवय नव्हती, म्हणून जहाजावरच्या मेजर प्रिचर्ड यांनी पॅराशूट बांधून थेट खाली उडी मारली आणि सूचना दिल्या. परतीला वारा पाठीशी होता, म्हणून इंग्लंड गाठायला फक्त 75 तास लागले. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

इथून अ‍ॅथलस्टेनफर्ड गावावरून दक्षिणेला वळायचं. स्कॉटलंडच्या झेंड्यावरची पांढरी फुली 832 मध्ये इथल्याच निळ्या आभाळात दिसली, अशी दंतकथा आहे. पुढे टाइनच्या काठावर हेल्स किल्ला. 1567 मध्ये बॉथवेलचा अर्ल या सरदाराने स्कॉटलंडच्या मेरी राणीला इथे आणलं होतं. आतमध्ये जमिनीखालच्या अंधारकोठड्या आहेत, डोकावून बघा आणि निघा.

कारण आता समोर आहे ट्राप्रेन लॉ, 220 मीटरहून उंच टेकडी. तिला कोणी घडवलं? कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीखालचा शिलारस वर आला, पण बाहेर फुटलाच नाही. तव्यावरची भाकरी फुगते तसा त्याने वरचा थर फुगवला आणि तो आतच थिजला. वरचे मऊ खडक झिजले, हिमयुगात बर्फाच्या नद्यांनी उरलंसुरलं खरवडलं आणि टणक गाभा उघडा पडला. तिच्या माथ्यावर लोकांची वस्ती होती. मे 1919 मध्ये, आर-34 निघायच्या दोनच महिने आधी, इथे खणताना रोमन चांदी मिळाली, 20 किलोहून जास्त. सुंदर ताटं, वाडगे, पण बरेचसे तोडलेले! तेव्हा चांदीचं मोल नक्षीवर नव्हे, वजनावर ठरायचं. आज टेकडीवर एक्समूर जातीची तट्टं सोडली आहेत. ती दांडगं गवत खातात आणि रानफुलांना जागा होते. इथला माळी तट्टू!

आता गावाकडे परत, वारा पाठीशी घेऊन. तुम्ही म्हणाल, वाऱ्याने जाताना घेतलं ते येताना परत दिलं, फिट्टंफाट. खरंच? हिशेब करा. दहा किलोमीटर जायचं, दहा यायचं. वारा नसताना तुमचा वेग ताशी 15, तर एकूण 80 मिनिटं लागतील. आता समजा, वारा जाताना वेग 5 ने कमी करतो आणि येताना 5 ने वाढवतो. जाताना ताशी 10, म्हणजे 60 मिनिटं. येताना ताशी 20, म्हणजे 30 मिनिटं. एकूण 90! दहा मिनिटं कुठे गेली? वाऱ्याने घेतलं तेवढंच दिलं. पण घेत होता तासभर आणि दिलं अर्धाच तास.

आता आर-34 चे आकडे पुन्हा बघा: 108 आणि 75. मग मुंबई ते लंडन आणि लंडन ते मुंबई या विमानांचं वेळापत्रक शोधा. घड्याळातला फरक वजा करायला विसरू नका. कुठल्या दिशेला जास्त वेळ लागतो, आणि वरच्या आभाळात वारा कुठून कुठे वाहतो, ते तुमचं तुम्हीच शोधून काढा!