परक्या भाषेला भिऊ नका!

गेल्या महिन्यात पालघरहून ड्युटी करून डहाणू लोकलने बोईसरला उतरलो, तर घरी एक शेजारी वाट पाहत बसलेले. तारापूर एमआयडीसीत कंत्राटी कामगार. मुलगी नर्सिंग शिकलेली. सोबत तीही होती. तिला जर्मनीला जायचे आहे. वडील म्हणाले, "भाऊ, इंग्रजीच हिला कशीबशी आली, आता जर्मन कुठून येणार? त्यापेक्षा क्लासची फी लग्नाला ठेवतो."

मुलगी खाली मान घालून होती. मी म्हटले, आपल्या बाबासाहेबांकडेच पाहा ना!

शाळेत बाबासाहेबांना संस्कृत शिकू दिले नाही. नाइलाजाने पर्शियन घ्यावी लागली. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र यांच्या ढीगभर अभ्यासक्रमांबरोबर त्यांनी फ्रेंच आणि जर्मनचा प्राथमिक अभ्यासक्रमही घेतला. पुढे १९२१ साली लंडनला शिकत असताना जर्मनीतील बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी त्यांनी स्वतः जर्मन भाषेत अर्ज लिहिला. ज्यांना एक भाषा नाकारली गेली, त्यांनी परदेशात राहून दुसऱ्या भाषा मिळवल्या!

आणि जर्मन आपल्याला वाटते तेवढी परकी नाही. मराठीसारखीच तिलाही तीन लिंगे आहेत. 'तो, ती, ते' तसे 'डेअर, डी, दास'. मात्र आपला सूर्य 'तो', त्यांचा 'ती'. म्हणून शब्द पाठ करताना लिंगासकट करावा. 'वाइल इश क्रांक बिन' म्हणजे 'कारण मी आजारी आहे'. पाहा, शब्दांचा क्रमसुद्धा आपलाच! इंग्रजीत क्रियापद असे शेवटी येत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. पण भाषेविना दार उघडत नाही. ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या असतात. परिचारिकेला साधारणपणे चौथी, म्हणजे बी-टू गाठावी लागते. ते दोन-चार महिन्यांचे काम नव्हे. म्हणून फी भरण्यापूर्वी क्लास कोणत्या पायरीपर्यंत शिकवतो, हे विचारून घ्यावे.

तिकडे गेल्यावरही शिकणे संपत नाही. आपली मुले एका खोलीत राहतात, मराठी-हिंदीतच बोलतात आणि वर्षे गेली तरी भाषा येत नाही. दुकानात, बसमध्ये, शेजाऱ्यांशी चुकत का होईना बोलले पाहिजे. रुग्णाला कुठे दुखते हे ज्या नर्सला कळत नाही, ती सेवा काय करणार?

वडील बराच वेळ गप्प होते. मग मुलीला म्हणाले, "एक वर्ष देतो तुला. पण रोज अभ्यास दिसला पाहिजे."

परवा ती वाटेत भेटली. हसून म्हणाली, "गुटन आबेंड, काका!" मला उत्तर देता आले नाही. मी आपला "जयभीम" म्हणालो. आता तिच्याकडूनच चार शब्द शिकावे म्हणतो.

पालकहो, मुलीच्या लग्नासाठी साठवता, त्यातले थोडे तिच्या जिभेसाठीही खर्च करा!