संगणकाच्या खतावणीतील समास

आपल्या व्यापारी बांधवांपैकी काहींची मुले हिशेबाचे छोटे प्रोग्राम घरीच लिहितात. त्यासाठी ईमॅक्स हा लिहिण्याचा प्रोग्राम चांगला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली जीएनयू ईमॅक्स लोकांसाठी खुला केला. लायसन्सला एक पैसा लागत नाही. त्यात लिस्प भाषेत हवे ते फेरफार करता येतात.

वारंवार लागणाऱ्या कामाच्या साच्याला आपण नाव देतो, त्याला मॅक्रो म्हणतात. समजा मुलाने 'खाते-उघडून' असा मॅक्रो केला. आधी पार्टीचे नाव, मग ताके, मीटर, रक्कम यांच्या नोंदी, शेवटी खाते आपोआप बंद. ईमॅक्सला हे नाव अनोळखी. तो त्याला साधे फंक्शन समजतो आणि खालच्या साऱ्या ओळी पार्टीच्या नावाखाली, पार उजवीकडे लावतो. मुनीमजींनी नाव आणि रकमा एकाच रकान्यात लिहिल्या असत्या, तर आम्ही वही परत केली असती!

मग मुले कंटाळून स्पेसबारने हाताने ओळी सरकवतात. खरा धोका इथेच आहे. लिस्प समास पाहत नाही, फक्त कंस पाहते. कंस चुकून आधी बंद झाला, तर नोंद खात्याबाहेर पडते. पण हाताने लावलेला समास ती आतच दाखवतो. ईमॅक्स स्वतः कंस मोजून ओळी लावतो, म्हणून बाहेर पडलेली ओळ डावीकडे सरकते आणि चूक लगेच डोळ्यांत भरते.

उपाय एका ओळीचा आहे. मॅक्रोच्या व्याख्येत, अर्ग्युमेंटांच्या यादीनंतर, (डिक्लेअर (इंडेंट १)) असे लिहावे. प्रत्यक्षात अक्षरे आणि आकडा इंग्रजीच टाइप करावा. १ म्हणजे पहिली एक बाब, इथे पार्टीचे नाव, वेगळी; बाकीच्या नोंदी दोन जागा आत. नावाबरोबर सालही द्यायचे असेल तर २ लिहावे. मॅक्रोचे नाव इंग्रजी 'डेफ'ने सुरू होत असेल तर ईमॅक्स बहुधा आपणच समजून घेतो.

व्याख्या एकदा चालवल्याशिवाय नियम लागू होत नाही. ती चालवून सुरुवातीच्या कंसावर कर्सर न्यावा आणि कंट्रोल-आल्ट-क्यू दाबावे. सगळ्या ओळी नीट बसतात. मॅक्रो दुसऱ्याचा असेल तर त्याच्या फाइलला हात लावू नये. आपल्या ईमॅक्सच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये 'पुट' वापरून त्या नावाला 'लिस्प-इंडेंट-फंक्शन' हा गुण आणि आकडा जोडावा.