काळीच्या पोटातले पाणी

गोमाई नदीच्या अलीकडे, शहाद्यापासून फार लांब नाही अशा एका गावात माझ्या मामांचा मळा आहे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे तिथे जात असू, तेव्हा एक सक्त ताकीद असे : भेगांत पाय घालायचा नाही. एप्रिल-मेमध्ये त्या काळ्या रानाला एवढ्या रुंद भेगा पडत, की विटीदांडू खेळताना विटी आत गेली की गेलीच. एकदा धाकट्या भावाची चप्पल गेली. मामांनी बैलाची काठी खुपसून पाहिली. काठी मुठीपर्यंत आत गेली, चप्पल काही लागली नाही. ‘नांगरटीत निघेल,’ मामा म्हणाले. ती कधीच निघाली नाही.

परवा उन्हाळ्यात बऱ्याच वर्षांनी त्या मळ्यात गेलो. वरच्या तुकड्यात भेगा होत्या, जुन्या ओळखीच्या. खालच्या तुकड्यात, जिथे आजोबांच्या वेळी दादर ज्वारी माणसाच्या डोक्याच्या वर जात असे, तिथे काही वेगळेच दिसले. जमिनीवर काळसर तेलकट चकाकी, वर वाळलेला पातळ पापुद्रा, मधेमधे पांढरे चट्टे. पापुद्रा टाचेने दाबला तर खाली चिकट ओल. उसाची बेटे गुडघाभर वाढून पिवळी पडलेली. मामा बांधावर उभे होते. म्हणाले, ‘चोपण झाली रे. पाण्याने झाली.’

पाण्यासाठी आयुष्यभर विहिरी खणलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य ऐकणे सोपे नव्हते.

नंदुरबार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सातपुडा येतो, धडगाव-अक्कलकुव्याचे डोंगर येतात, आणि बाजारपेठेत वाळत घातलेली लाल मिरची येते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा निघालेला हा जिल्हा आदिवासींचा आणि डोंगराचा, अशीच त्याची ओळख. पण शहादा, तळोदा आणि नंदुरबार या तालुक्यांचा तापीकाठचा पट्टा राज्यातल्या सर्वांत खोल मातीच्या पट्ट्यांपैकी एक आहे. उत्तरेला सातपुडा आणि मधून पश्चिमेला निघालेली तापी, या खोलगटात नदीने लक्षावधी वर्षे गाळ आणून टाकला. वरची काळी माती संपली की खाली पिवळसर गाळ, त्याखाली रेती-गोटे, पुन्हा चिकणमाती, असे थर किती तरी खोल जातात.

सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी गेलात तर आणखी एक गंमत दिसते. तिथे नाल्याच्या कडेला मोठाले धोंडे, वाळू, मुरूम आणि चिकणमाती असा सगळा एकत्र काला तुटलेल्या दरडीत पाहायला मिळतो. कोणी निवडले नाही, चाळले नाही. युरोप-अमेरिकेच्या उत्तरेकडील माणसाला हा थर दाखवला तर तो झटकन म्हणेल, हिमनदीने आणून टाकला आहे. त्यांच्याकडे असल्या मातीचे मोठमोठे प्रदेश आहेत. हजारो वर्षांपूर्वी मैल मैल जाडीचे बर्फ सरकत आले, खाली खडक भरडत गेले, आणि वितळताना तो भरडा तिथेच टाकून गेले. दबून घट्ट झालेल्या त्या मातीतून पाणी खाली उतरत नाही. आपल्या पायथ्याचा काला मात्र बर्फाचा नाही. पावसाळ्यात डोंगरावरून कोसळणाऱ्या ओढ्यांनी तो आणला. (महाराष्ट्रात हिमनदीच्या खुणा मुळी नाहीतच, असेही नाही. चंद्रपूरजवळ पैनगंगेच्या काठी इरई येथे बर्फाने घासून चरे पाडलेला खडक फेडन नावाच्या भूवैज्ञानिकाने पाहिला आणि १८७५ साली त्यावर लिहिले. तो बर्फ सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा. आपली काळी माती ज्या लाव्हापासून झाली तो साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्यामानाने कालचाच.)

या बाजूचे ओढे पायथ्याच्या गोट्यांत जिरतात. मळईची चिकण बारीक माती मात्र पुढे, सपाटीला, तापीकडे जाते. म्हणून डोंगराजवळ निचरा होतो आणि नदीकडे जावे तसतसा तो अवघड होत जातो. मामांचा खालचा तुकडा या उताराच्या शेवटी आहे.

काळ्या मातीचा स्वभाव समजला तर पुढचे समजते. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण निम्म्याहून जास्त, आणि ती चिकणमातीही विशेष जातीची. तिचे कण वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात. पानांच्या मधे पाणी शिरले की वही फुगते, पाणी गेले की मिटते. उन्हाळ्यात माती आकसते तेव्हा भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते. पावसात खालून फुगवटा आला की तीच माती वर ढकलली जाते. शेत स्वतःलाच नांगरते, असे आपले लोक म्हणतात ते यामुळे. धाकट्या भावाची चप्पल आता कुठवर गेली असेल, देव जाणे. काळ्या रानात बांधलेल्या घरांच्या भिंती तडकतात त्याचेही मूळ हेच. जुन्या लोकांनी गावठाण पांढरीवर आणि शेती काळीवर, अशी वाटणीच करून ठेवली होती. प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर जे पांढरीचे टेकाड आहे, तिथे १९५५ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण युगापासूनच्या वस्तीचे थर निघाले. तीन हजारांहून अधिक वर्षे माणसे तिथे राहिली, आणि पिकवायला मात्र खाली काळीत उतरली.

पहिला पाऊस भेगांतून घटाघटा आत जातो. पण माती एकदा फुगली, भेगा मिटल्या, की दार बंद. मग तासाला मिलिमीटरभर पाणीही आत जाईल तर शपथ. शहादा-नंदुरबारच्या सपाटीवर वर्षाला साधारण सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तो एकदम आला तर रान आठ-आठ दिवस पाण्याखाली राहते. वाफसा येईपर्यंत औत चालत नाही, पाय ठेवला तर चिखल पायाबरोबर उठतो. म्हणूनच आजोबा खोल काळीत पावसाळ्यात बरेचसे रान मोकळे ठेवत. पाऊस रानाने पिऊन घ्यायचा, आणि भाद्रपद-आश्विनाच्या सुमाराला दादर पेरायची. वरून थेंब नाही, विहिरीचे पाणी नाही. मातीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर कणीस भरायचे. त्या दादरची भाकरी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना तिची चव सांगायला नको.

आता या व्यवहारात एक गोष्ट लपलेली होती. दरवर्षी उन्हाळ्यात रान पूर्ण सुकत असे. पोट भरे आणि पोट रिकामे होई.

पाणी आले आणि हे बदलले. विहिरी खोल गेल्या, बोअर आल्या, नदीवरून पाईप आले, तापीवर प्रकाशा आणि सारंगखेडा येथे बॅरेज झाले. ऊस आला, केळी आली, पपई आली. त्यांनी या भागात पक्की घरे बांधली, मुलांना शिकवले. माझ्या मामेबहिणीच्या इंजिनिअरिंगची फी उसातून गेली, हे मी विसरू शकत नाही. पण खालच्या तुकड्याला बारा महिने पाणी मिळू लागले, आणि रान सुकणे बंद झाले. वरच्या शेतांतून पाझरलेले पाणीही तिथेच येऊन थांबले. जमिनीखालची पाण्याची पातळी हळूहळू वर आली. पाण्याबरोबर क्षार आले. ऊन पाणी घेऊन गेले, क्षार ठेवून गेले.

क्षार नुसते साठले तर जमीन खारवट होते, वर पांढरी फूल दिसते. त्या क्षारांत सोडियम वरचढ झाले की ती चोपण होते, आणि हे जास्त वाईट. चांगल्या काळ्या मातीत कॅल्शियम कणांना धरून ठेवते. त्यांचे घोळके होतात, घोळक्यांच्या मधून पाणी आणि हवा जाते. सोडियमने कॅल्शियमची जागा घेतली की घोळके फुटतात. कण सुटे होतात आणि ज्या फटींतून पाणी जाणार त्याच फटी बुजवतात. मुळांना हवा मिळत नाही. पपईच्या मुळांशी दोन-तीन दिवस पाणी तुंबले तरी झाड मान टाकते; ऊस तग धरतो, म्हणून शेतकरी तिथे पुन्हा ऊसच लावतो, आणि पुन्हा पाणी देतो.

गंमत अशी, की याच दुर्गुणावर खानदेशातल्या आपल्या पूर्वजांची घरे उभी होती. धाब्याच्या घरावर पावसाळ्यापूर्वी खारी माती पसरत. ती पाण्याने मिटते आणि थेंब खाली उतरू देत नाही. आजी घरावर आणायची ती माती आता मामांच्या शेतात तयार होते आहे.

हे आपल्याकडे पहिल्यांदाच घडले असते तर गोष्ट निराळी. १८८० च्या दशकात नीरेचा डावा कालवा झाला, बारामतीकडचा दुष्काळी मुलूख हिरवा झाला, आणि पाव शतकात तिथल्या खोल काळ्या जमिनी फुटू लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर १९१० साली पुस्तिका लिहिली. त्याआधीच विश्वेश्वरय्यांनी दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत सुरू केली होती. गटाच्या एका हिश्श्यात ऊस, बाकीच्यात हंगामी पिके, आणि पाळीपाळीने जागा बदल. पाणी सगळ्यांना मिळावे आणि एकाच जागी मुरत राहू नये. आज खडकवासल्याला जे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे, तेही १९१६ साली सिंचनाच्या असल्याच प्रश्नांसाठी सुरू झालेल्या सरकारी विभागातून वाढले. एवढे सगळे कागदावर असताना आपण प्रत्येक नव्या धरणाबरोबर कालवे मोजतो, पाईप मोजतो. पाणी बाहेर काढणाऱ्या चरांचा हिशेब कोणी विचारत नाही. माझ्या मते ही चूक शेतकऱ्याची कमी आणि योजना आखणाऱ्यांची जास्त आहे.

तापीच्याच खोऱ्यात, पूर्वेच्या टोकाला, पूर्णेचा खारपाण पट्टा आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याची ती ४ लाख हेक्टरांहून अधिक जमीन निसर्गानेच क्षारांत बसवली आहे. विहिरीचे पाणीसुद्धा खारट. तिथल्या लोकांना पर्याय नव्हता. आपल्या खालच्या तुकड्याला होता.

उपाय नाहीत असे नाही. मघाशी ज्या हिमनदीच्या मातीचा उल्लेख केला, तिथलीच एक गोष्ट आहे. जॉन जॉन्स्टन नावाचा स्कॉटलंडहून अमेरिकेत आलेला शेतकरी न्यूयॉर्क राज्यात जिनिव्हा गावाजवळ शेती करी. रान पाणथळ. त्याने गावाकडून मातीच्या कौलांचा नमुना मागवला, तसल्या नळ्या भाजून घेतल्या आणि १८३८ साली शेताखाली पुरायला सुरुवात केली. शेजारीपाजारी हसले, खापरे पुरतोय म्हणाले. त्याचा गहू पाहिल्यावर तेच नळ्या मागायला आले. पुढे ओहायो, इलिनॉय, आयोवा या राज्यांतली पाणथळ शेते अशाच नळ्यांनी पिकाखाली आली. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरकडे, वाळवा-शिरोळ भागात, शेताखाली जाळीदार प्लास्टिकचे पाईप घालून पाणी नाल्याला काढून देतात. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने काळ्या रानासाठी रुंद वरंबा आणि सरीची पद्धत बसवून दिली. पीक वरंब्यावर, जादा पाणी सरीतून बाहेर. चोपणीला जिप्समही लागते. जिप्समातले कॅल्शियम सोडियमला हटवते, पण हटवलेले सोडियम वाहून न्यायला पुन्हा निचराच हवा. नाही तर पाहुणा ओसरीवरून उठून माजघरात बसल्यासारखे.

ठिबकने पाणी वाचते हे खरे. मात्र साठलेले मीठ ठिबकने बाहेर जात नाही.

आणि पाणी काढायचे कुठे? हा प्रश्न मामांना रात्री झोपू देत नाही. त्यांच्या शेतापलीकडे एका भिल्ल कुटुंबाचे दोन एकर आहेत, त्याच्या पलीकडे नाला. १९७२ साली शहाद्याच्या भागात आदिवासींच्या गहाण पडलेल्या, गिळलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी मोठा लढा झाला. त्या हवेत परत मिळालेली ही जमीन. एकरांचा हिशेब सरळ झाला, पण ती आमच्यापेक्षाही खोलगट. मामांनी नुसता बांध फोडून चर सोडला असता तर आपले पाणी त्यांच्या गळ्यात गेले असते. ‘मी त्याच्याकडे गेलो,’ मामा म्हणाले. ‘म्हटलं, दादा, चर दोघांचा करू. तुझ्या बांधाने नाल्यापर्यंत नेऊ, खोदाईचा खर्च माझा. तुझंही पाणी निघेल.’ तो दोन दिवस विचार करून हो म्हणाला. त्याची एक अट होती. चर त्याच्या रानाच्या मधून न जाता बांधाच्या कडेने वळवायचा, त्याने लांबी वाढली तरी चालेल. मामांनी मान्य केली.

मी परत निघायच्या आदल्या दिवशी एक प्रयोग केला. घरोघरी मुलांना करता येण्यासारखा आहे. तीन रिकाम्या काचेच्या बाटल्या घेतल्या. एकीत वरच्या तुकड्याची मूठभर माती, दोन बाटल्यांत खालच्या तुकड्याची. तिन्हींत पावसाचे साठवलेले पाणी भरून खूप हलवल्या आणि ओसरीच्या कट्ट्यावर ठेवल्या. खालच्या मातीच्या एका बाटलीत मामांनी चमचाभर जिप्सम टाकले होते. सकाळी चहाच्या वेळी पाहिले तर वरच्या मातीचे पाणी निवळले होते. खालच्या मातीची पहिली बाटली रात्री होती तशीच गढूळ, पातळ कॉफीसारखी. जिप्समच्या बाटलीत माती तळाला बसली होती आणि वर बोटभर पाणी स्वच्छ.

मामांनी ती बाटली उचलून उन्हाकडे धरली. मग मला विचारले, ‘नाल्याला पाणी लागायच्या आत चर होईल का रे? तुझ्या ओळखीचा कोणी जेसीबीवाला आहे?’