‘अंगात रक्त नाही’ म्हणजे नेमके काय?

वस्त्यांमध्ये काम करताना एक वाक्य आम्हाला घरोघरी ऐकू येते, “तिच्या अंगात रक्तच नाही.” मुलगी दहावीला असते. जिना चढताना तिला दम लागतो, पुस्तक घेऊन बसली की डुलक्या येतात. घरचे तिला आळशी म्हणतात, शाळेत म्हणतात की अभ्यासात लक्ष नाही. तिचे हिमोग्लोबिन मात्र कोणी तपासलेले नसते.

लोह, आयोडीन, जस्त, कॅल्शियम अशी खनिजे शरीराला रोज लागतात. त्यांपैकी आपल्याकडे सर्रास कमी पडते ते लोह. रक्तातले हिमोग्लोबिन तयार व्हायला लोह लागते आणि हेच हिमोग्लोबिन फुफ्फुसातला ऑक्सिजन शरीरभर पोहोचवते. लोह कमी पडले की मेंदू आणि स्नायू दोघांनाही ऑक्सिजन अपुरा मिळतो. मग थकवा, धाप, छातीत धडधड, चक्कर, पापणीच्या आतला भाग पांढुरका दिसणे अशी लक्षणे दिसतात. काही जणींना माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. त्याला आपण खोड म्हणतो, पण तेही अनेकदा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. गरोदरपणात हे दुखणे अंगावर काढले तर बाळ कमी वजनाचे किंवा दिवस भरण्याआधी जन्मू शकते आणि बाळंतपणातला रक्तस्राव आईच्या जिवावर बेतू शकतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ५४ टक्के आहे. देशातल्या पुरुषांमध्ये ते २५ टक्के आहे. हा फरक का? मासिक पाळी आणि बाळंतपणामुळे स्त्रीला लोह जास्त लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम, तर स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह हवे. प्रत्यक्षात जिला जास्त हवे तीच घरात सगळ्यांत शेवटी जेवते आणि उरलेले खाते. म्हणजे रक्तक्षय जसा शरीराचा प्रश्न आहे तसा तो ताटाच्या वाटणीचाही आहे.

ताटात काय असते हेही पाहावे लागेल. पालेभाज्या, बाजरी, कडधान्ये, अळीव यांत लोह असते, पण वनस्पतीतले लोह शरीर कमी प्रमाणात शोषते. मांस आणि मासळीतले लोह त्यापेक्षा सहज शोषले जाते. कलेजी, रक्ती, सुकट हे आपल्या आजीच्या चुलीवरचे पदार्थ. ‘हलके’ म्हणून त्यांना हिणवले गेले आणि शिकल्यासवरल्या काही घरांतून ते लाजेपोटी बादही झाले. पोषणाच्या दृष्टीने त्यात लाजण्यासारखे काहीच नाही. जे शाकाहारी आहेत त्यांनी भाजी-डाळीवर लिंबू पिळावे, जेवणासोबत आवळा किंवा पेरू खावा, कारण ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषले जाते. चहा मात्र ते अडवतो. चहा-चपाती हाच सकाळचा नाश्ता असेल तर चपातीतले थोडेसे लोहही वाया जाते. जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे.

शाळा-अंगणवाडीत १० ते १९ वयाच्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी मोफत मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असते. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून मुली ती फेकून देतात. काळे होणे निरुपद्रवी आहे आणि जेवणानंतर गोळी घेतली तर मळमळ कमी होते. एवढे कोणी समजावून सांगितले तरी बऱ्याच गोळ्या पोटात जातील. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी मात्र एका वेळी घेऊ नये. पोटात जंत असतील तर खाल्लेले अंगी लागत नाही, म्हणून वर्षातून दोनदा मिळणारी जंतांची गोळीही चुकवू नये.

विदर्भातल्या कार्यकर्त्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेमुळे होत नाही. विदर्भात आदिवासी आणि बौद्ध समाजात सिकलसेल हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. त्यात रक्ताच्या तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात आणि लवकर नष्ट होतात. अशा रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्या देऊ नयेत. वारंवार रक्त चढवलेले असेल तर शरीरात लोह आधीच जास्त साठलेले असू शकते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक व्यक्ती स्वतः सहसा आजारी नसते, त्यामुळे तपासणीशिवाय हे कळत नाही. लग्न जुळवताना ही तपासणी आधी व्हायला हवी.

मग आपण काय करायचे? आपल्या विहारात, समाजमंदिरात तपासणी शिबिर जरूर घ्या, पण फोटो काढून थांबू नका. ज्यांचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आहे (गरोदर स्त्रियांमध्ये ११ च्या खाली) त्या महिलांची यादी करा आणि त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात सोबत घेऊन जा. आकडा ७-८ च्या आत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. हिमोग्लोबिन वाढले तरी शरीरातला लोहाचा साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात. त्यामुळे ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळ्या मध्येच बंद होऊ देऊ नका. तीन महिन्यांनी त्याच यादीतल्या प्रत्येकीची पुन्हा तपासणी करा. केंद्रात गोळ्या नसतील तर लेखी मागणी करा, त्या मोफत मिळणे हा आपला हक्क आहे.

आणि आज रात्री घरात जेवायला बसताना एवढे करा. घरातल्या मुलीला आणि आईला सोबत बसवा. भाजी संपायच्या आधी त्यांच्या ताटात वाढा.