फुलांचे व कीटकांचे फोटो

पावसाळा सरत आला की देहूरोडजवळच्या घोरावडेश्वराच्या डोंगरावर हौशी मंडळी मोबाईल घेऊन फुलांचे फोटो काढतात. पुष्कळदा फूल ठिपक्याएवढे येते आणि फुलपाखराचा नुसता डाग! याची कारणे साधी आहेत.

पहिली गोष्ट वेळेची. कीटकांच्या अंगात ऊब येते ती उन्हाने. म्हणून सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात व जवळ जाऊ देतात. दुपारच्या उन्हात पिवळी सोनकी पांढरट दिसते. तेव्हा छत्रीची सावली धरावी.

दुसरी गोष्ट अंतराची. भिंग ठराविक अंतराच्या आत स्पष्ट चित्र देत नाही. शिवाय जितके जवळ जावे तितका स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो, कधी काही मिलिमीटरच उरतो. म्हणून गुडघे टेकून कीटकाच्या डोळ्यावरच फोकस साधावा. वारा असेल तर शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवावा.

तिसरी गोष्ट ओळखीची. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. पण रानातली नावे मी आईकडूनच शिकतो. नुसत्या पाकळीवरून तीही झाड सांगत नाही. पान, देठ, कळी लागते. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉरमॉनच्या काळ्या पंखांवर वरून निळे पट्टे दिसतात, तर खालून बुडाशी तांबडे ठिपके. तेव्हा दोन्ही बाजू टिपाव्यात.

आणि मित्रहो, फोटोसाठी फूल तोडू नये. त्याचे बी पडले तरच पुढच्या वर्षी फोटो मिळेल.