निद्रेची रोजकीर्द

सांगलीहून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, विलिंग्डन आणि वालचंद या दोन महाविद्यालयांच्या आसमंतात जी वस्ती वाढली, तिचे विश्रामबाग हे नाव ऐकताच मनाला स्वस्थता वाटावी असे आहे. परंतु रात्री उशिरा, रस्त्यावरची रहदारी ओसरून मालगाडीचा खडखडाट मिरजेच्या दिशेने विरून गेल्यावर, येथल्या कित्येक घरांत एखादी गृहिणी अंधारात डोळे उघडे ठेवून पडलेली असते, आणि तिचे कान लागलेले असतात ते पतीच्या घोरण्याकडे नव्हे, तर ते घोरणे अकस्मात थांबते त्या क्षणाकडे. घोरणे चालू असेतोवर ती निश्चिंत असते. ते थांबले की ती मनातल्या मनात आकडे मोजू लागते, आणि वीस-पंचवीसपर्यंत पोहोचेतो शेजारचा देह एक आचका देऊन, हुंदक्यासारखा मोठा श्वास घेऊन पुन्हा घोरू लागतो. सकाळी ती म्हणते, “अहो, रात्री तुमचा श्वास थांबतो.” त्यावर ठरलेले उत्तर येते, “काहीतरीच तुझं! मी तर गाढ झोपलो होतो.”

या व्याधीला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. निद्रावस्थेत घशाचे स्नायू शिथिल होतात, जिभेचे मूळ मागे सरते, आणि मेदामुळे, टॉन्सिलच्या वाढीमुळे किंवा जबड्याच्या घडणीमुळे ज्यांचा घसा मुळातच अरुंद असतो, त्यांची श्वासाची वाट मिटते. छाती श्वास ओढीत राहते, पण हवा आत जात नाही, रक्तातील प्राणवायू उतरतो, आणि मेंदू क्षणभर जागा होऊन ती वाट उघडून घेतो. निदान १० सेकंद टिकणारा असा पूर्ण वा अर्धवट अवरोध तासाला ५ पेक्षा कमी वेळा घडला तर तो प्रकृतीला धरून आहे असे मानतात. १५ पर्यंत व्याधी सौम्य, ३० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. तीव्र व्याधी असलेल्या मनुष्याच्या देहात आठ तासांच्या रात्रीत हा झगडा २४० हून अधिक वेळा होतो, आणि त्यातला बहुधा एकही त्याला सकाळी स्मरत नाही. म्हणूनच या खटल्यात फिर्यादीपेक्षा शेजारच्या साक्षीदाराची जबानी अधिक मोलाची असते.

हा विकार परदेशी आहे, सुखवस्तूंचा आहे, असा समज आपल्याकडे फार दिवस होता. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उडवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी, केवळ नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या, म्हणजे स्वतःस निरोगी समजणाऱ्या, ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली आणि त्यांपैकी २५० जणांच्या निद्रेची नोंद त्यांच्या घरीच घेतली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीचा निष्कर्ष असा होता की, निद्रेतील श्वासाचा बिघाड सुमारे १९.५ टक्क्यांत, आणि त्याच्या जोडीला दिवसाची अनावर झोप सुमारे ७.५ टक्क्यांत आढळावी. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत निवर्तले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी मृत्यूचे कारण म्हणून याच व्याधीचे नाव घेतले, आणि जे नाव तोवर दवाखान्याच्या चार भिंतींत होते ते घराघरांत पोहोचले.

भीतीने माणसे दवाखान्यात जाऊ लागली हे बरे झाले. परंतु भीतीने गेलेला मनुष्य सुटकेची अपेक्षाही तितकीच अमर्याद धरून जातो, आणि मला ज्या गोष्टीची खरी कळकळ वाटते ती हीच की, पुष्कळ रुग्णांचा उपचार मध्येच सुटतो तो उपचार निष्फळ ठरला म्हणून नव्हे, तर त्याने जे कधी कबूलच केले नव्हते ते मिळाले नाही म्हणून.

मुख्य उपचार म्हणजे सी-पॅप, ज्याला लोक नुसते ‘मशीन’ म्हणतात. सिडनी येथील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली पाच रुग्णांवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला. तोवर तीव्र व्याधीवर खात्रीचा इलाज म्हटला तर गळ्याला छिद्र पाडून श्वासाला निराळी वाट करून देणे, एवढाच होता. नाकावाटे मंद दाबाने हवा सोडीत राहिल्यास मिटणारी वाट आतून तोलली जाते, ही त्यांची कल्पना अत्यंत साधी होती, आणि आजची सर्व यंत्रे तिच्यावरच उभी आहेत. हे यंत्र घशाला बरे करीत नाही, ते त्याला रात्रभर आधार देते. चष्मा काढला की अक्षरे पुन्हा अंधुक व्हावीत, तसा मास्क काढला की अवरोध परत येतो. “किती महिने लावायचं?” या प्रश्नाला मुदतीचे उत्तर नाही, वजन पुष्कळ उतरले किंवा घशाची रचना शस्त्रक्रियेने बदलली, तर फेरतपासणी करून डॉक्टर निराळा निर्णय देऊ शकतात, एरवी हा कायमचा करार आहे.

या करारात तात्काळ काय पदरात पडते? घोरणे बहुधा पहिल्या रात्रीच थांबते, आणि अवरोधांचा आकडा झपाट्याने खाली येतो. दिवसाची झोप, सकाळचे डोके जड होणे, रात्री वारंवार लघवीला उठणे यांना काही दिवस ते काही आठवडे लागतात. काहींना पहिल्याच सकाळी नवा जन्म झाल्यासारखे वाटते. अशा माणसाची हकीगत गावभर होते, आणि ती ऐकून आलेला दुसरा रुग्ण तिसऱ्या रात्री निराश होतो. त्याच्या नाकाला कोरड पडलेली असते, मास्कच्या कडेने हवा डोळ्यांत शिरत असते, आणि पहाटे केव्हातरी त्याने तो नकळत काढून टाकलेला असतो. या तक्रारींवर उपाय आहेत: मास्कचे माप बदलता येते, हवेला ओलावा देता येतो, दाब हळूहळू चढविता येतो, दिवसा वर्तमानपत्र वाचताना अर्धा तास मास्क लावून बसण्याचा सरावही उपयोगी पडतो.

फळ वापराच्या प्रमाणात मिळते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, झोप येत असल्याची स्वतःला जाणवणारी तक्रार रोज चार तासांच्या वापराने कमी होऊ लागते, प्रयोगशाळेत मोजलेल्या झोपाळूपणास सहा तास लागतात, आणि दैनंदिन जीवनाची घडी बसण्यास सुमारे साडेसात. याउलट २०१६ साली भारतासह सात देशांतील, हृदयाचा वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७१७ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत यंत्राने हृदयविकाराचे वा पक्षाघाताचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले नाही; झोपाळूपणा मात्र उतरला आणि मनाची उमेदही सुधारली. त्या चाचणीत यंत्राचा वापर सरासरी ३.३ तासच होता, ही गोष्ट ध्यानात ठेवावी, तरीही यंत्र लावले की हृदयाचा विमा उतरला असे कोणी समजू नये. रक्तदाब सरासरीने दोन-तीन अंशच उतरतो, तेव्हा बी.पी.ची गोळी आपल्या मनाने बंद करण्यास त्याने परवाना मिळत नाही.

सर्वांत मोठी निराशा वजनाच्या बाबतीत होते. झोप सुधारली की वजन आपोआप उतरेल ही आशा फार गोड आहे, पण यंत्र एकटे वजन उतरवीत नाही, किंबहुना काहींचे किंचित वाढते. उलट दिशेने मात्र हा संबंध खरा आहे: अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या दीर्घ पाहणीत १० टक्के वजन घटल्यास अवरोध सुमारे २६ टक्क्यांनी घटतील, आणि तितकेच वाढल्यास सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतील, असा हिशेब निघाला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल देहाचे आणि निद्रेचे विवेचन एकत्रच आले आहे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

आमच्या भागापुरती एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. हे यंत्र विजेवर चालते, आणि ऑगस्ट २०१९ मधील कृष्णेचा महापूर ज्यांनी पाहिला त्यांना वीज गेलेल्या रात्रींचा अर्थ निराळा समजावून द्यावा लागत नाही. ओलावा देणारी टाकी बंद ठेवली तर यंत्राला वीज पुष्कळ कमी लागते. घरचा इन्व्हर्टर ते किती तास पेलतो हे अडचणीच्या रात्रीपूर्वीच एकदा पाहून ठेवावे. आणि उसाची वा हळदीची गाडी घेऊन रात्री महामार्गावर जाणाऱ्या चालकाने, दिवसाची झोप खरोखर उतरली आहे याची डॉक्टरांकडून खात्री करून घेतल्याशिवाय चाक हाती धरू नये.

महिन्याने तपासणीला जाताना यंत्राची नोंद बरोबर न्यावी. त्या रोजकीर्दीत कोणत्या रात्री किती तास मास्क लावला, किती हवा गळली, किती अवरोध उरले, हे सारे मांडलेले असते. पूर्ण वापर होऊनही ग्लानी उरली असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन, मनाचे औदासीन्य किंवा झोपेचीच अपुरी मुदत यांचा शोध घ्यावा लागतो, कारण दिवसाच्या प्रत्येक पेंगेचा गुन्हा एकट्या श्वासावर लादता येत नाही. आणि बरोबर पत्नीलाही न्यावे. डॉक्टरांनी तिला विचारावे की, बाई, आता रात्री तुम्ही आकडे मोजता का.