दीर्घिका आणि त्यांचा परिसर

एकाच पोत्यातील ज्वारीचे बियाणे खोल काळ्या रानात पेरले तर ताटे जोमाने वाढतात. तेच बालाघाटाच्या मुरमाड माळावर पेरले तर खुरटतात, हा धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्यांचा नित्याचा अनुभव आहे. बीज तेच, परिसर निराळा. आकाशातील दीर्घिकांवरही परिसराचा असाच प्रभाव पडतो, असे खगोलशास्त्रज्ञांना आढळून आले आहे.

अब्जावधी तारे व वायू यांच्या प्रचंड समूहास दीर्घिका म्हणतात. आपली आकाशगंगा ही अशीच एक दीर्घिका होय. दीर्घिका अवकाशात सारख्या विखुरलेल्या नाहीत. जेथे त्यांची दाटी असते तेथे दीर्घिका-गुच्छ बनतो. अनेक गुच्छांचा मिळून महागुच्छ होतो. आणि मधूनमधून विस्तीर्ण, जवळजवळ रित्या पोकळ्या असतात. २०१७ साली पुणे येथील आयुका व आयसर या संस्थांतील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह मीन राशीच्या दिशेस एक महागुच्छ शोधून काढला व त्यास ‘सरस्वती’ हे नाव दिले. तो सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षे दूर असून त्याचा विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे आहे.

१९८० साली ॲलन ड्रेसलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने ५५ गुच्छांतील सुमारे ६,००० दीर्घिकांची पाहणी प्रसिद्ध केली. दाटी जितकी अधिक, तितक्या लंबवर्तुळाकार दीर्घिका अधिक व सर्पिल दीर्घिका कमी, असे तीत दिसून आले.

याचे कारण काय? गुच्छातील मोकळ्या जागेत कोट्यवधी अंश तापमानाचा विरळ वायू भरलेला असतो. त्यातून वेगाने जाणाऱ्या दीर्घिकेस जणू समोरून वारा लागतो. खळ्यावर उफणताना भुसा उडून जातो व दाणे खाली राहतात, त्याप्रमाणे दीर्घिकेतील वायू निघून जातो आणि तारे मागे राहतात. वायूपासूनच नवे तारे जन्मतात. वायू संपला की निळसर, तरुण तारे निर्माण होत नाहीत; जुने, तांबूस तारेच शिल्लक राहतात. दीर्घिका परस्परांजवळून गेल्याने किंवा एकमेकींत मिसळल्यानेही त्यांचे आकार पालटतात. विरळ वस्तीतील दीर्घिकांचा वायू मात्र बहुधा टिकून राहतो.

तथापि सर्व काही परिसरावरच अवलंबून असते, असे मुलांस सांगू नये. दीर्घिकेचे स्वतःचे वस्तुमानही तितकेच महत्त्वाचे आहे. शेतातही जमिनीबरोबर बियाण्याचा कस पाहावाच लागतो.

हिवाळ्यातील अंधाऱ्या रात्री शिक्षकांनी मुलांस भाद्रपदा नक्षत्रांचा चौकोन दाखवावा. त्याच्या ईशान्येस देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी पुसट ठिपक्यासारखी दिसते. तिचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. ‘सरस्वती’ डोळ्यांस दिसणार नाही; परंतु चौकोनाच्या दक्षिणेस बोट दाखवून तिची दिशा सांगता येईल. मग मुलांस विचारावे : ही दीर्घिका दाट वस्तीत असती, तर तिचे रूप असेच राहिले असते काय?